देवाची विहीर

अलिबागच्या कोर्टात मी कारकून होतो. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा तेव्हा नवाच होता. माणगावकडच्या महारवाड्यातल्या एका बाईने गावच्या पंचांना कोर्टात खेचलं होतं, कारण ते तिला गावविहिरीवर पाणी भरू देत नव्हते.

साक्षीला उभी राहताना ती पदर कमरेला खोचायची. पंच मात्र कडक इस्त्रीच्या टोप्या घालून, देवदर्शनाला आल्यासारखे हात जोडून बसायचे. त्यांचे वकील म्हणाले, "साहेब, ही विहीर गावाची नाहीच, देवाची आहे."

बाई म्हणाली, "सायेब, देव पानी भरताना मी कदी बगला न्हाय. पाटलीनबाईंना रोज बगते."

न्यायाधीशांनी हसू रुमालात लपवलं. पंचांना दंड झाला, विहीर सर्वांची ठरली, आणि आम्ही कारकुनांनी देशात समता आणल्याच्या थाटात चहा मागवला.

पुढे ती निकालाची नक्कल न्यायला आली, तेव्हा मी विचारलं, "आता भरू देतात ना पाणी?"

"भरू देतात? विहीर सोडूनच गेले की! बाटली म्हनं. सगल्या पाटलिनी आता हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात."

मी हळहळलो. "म्हणजे जिंकूनही हरलोच आपण."

'आपण' ऐकून तिने मला नीट न्याहाळलं. मग नक्कल पदरात बांधत म्हणाली, "वैशाखात झरा आटतो, भाऊ. येतील परत. मी न्हाय अडवायची कुनाला."