ईस्टरनंतर पाळकसाहेब बोलले नाहीत

आमच्या ल्यूथरन मंडळीचे पाळकसाहेब बोलायला लागले की घड्याळाकडे बघायची सोय नसायची. उपदेश संपत आला असं वाटून लोक गीतांची पुस्तकं हातात घेत, तेवढ्यात ते म्हणत, "आणखी एकच मुद्दा." म्हणून त्यांच्यामागे सगळे त्यांना 'आणखी-एकच' म्हणायचे. त्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. माणूस लाख मोलाचा. कुणाकडे आजारपण असो, मरण असो, पहिले तेच पोचायचे. फक्त पोचल्यावर बोलायचे फार.

त्या वर्षी ईस्टरच्या उपासनेत, देऊळ, म्हणजे आमचं चर्च, गच्च भरलेलं असताना, शेवटचा आशीर्वाद देता देता त्यांचा आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी तर घशातून नुसता वारा येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं. स्वरतंतूवर छोटीशी गाठ होती, साधीच. गुरुवारी ती काढली आणि बाईंनी बजावलं, "तीन आठवडे एक शब्दही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो."

त्यांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होईल." पाळकसाहेब हसले. त्याचाही आवाज आला नाही.

ईस्टरनंतरचा रविवार तसाही ओकाबोका असतो. आदल्या रविवारी बाकांवर जागा नव्हती, त्या दिवशी आम्ही अवघे एकोणीस. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, मोजायची सवय जात नाही. वेदीवरच्या फुलांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. पाळकसाहेब पहिल्या बाकावर गप्प बसले आणि त्यांनी लिहून दिलेला उपदेश वाचायला मंडळीतला एक बस-ड्रायव्हर उभा राहिला. हा गडी आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसणारा. पण त्याचा आवाज खणखणीत म्हणून पाळकबाईंनी त्यालाच गळ घातली होती. अकरा पानं होती. चौथ्या पानावर तो थांबला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "पुढे पाळकसाहेबांनी बरंच लिहिलंय. चांगलंच असणार. पण मला कळलं ते एवढंच, की ज्याला विश्वास ठेवणं जड गेलं त्यालाही देवानं घराबाहेर काढलं नाही." आणि तो खाली बसला.

आम्ही हसू दाबत पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, पण रागानं नव्हे.

त्याच आठवड्यात ते मंडळीतल्या एका सुताराकडे जाऊ लागले. सुताराची बायको ईस्टरच्या महिनाभर आधी गेली होती. दफनाच्या दिवसानंतर तो देवळाकडे फिरकला नव्हता. ईस्टरलाही नाही. पुढचं सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

पाळकसाहेब दुपारी त्याच्या दुकानात आले, खिशातून छोटी वही काढू लागले, तसा तो म्हणाला, "बोलायची मनाई आहे म्हणे तुम्हाला. मग लिहूही नका. बसा." ते स्टुलावर बसले. सुतार रंधा मारत राहिला. तासाभरानं ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी एक लांब फळी कापायची होती, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनी कोट काढून ठेवला आणि टोक धरलं.

"हलवू नका," सुतार म्हणाला. फळी कापून झाली, आणि करवत खाली ठेवता ठेवता तो बोलू लागला. "ती गेली तेव्हा मी घरी नव्हतो. एका गिऱ्हाइकाच्या दाराची बिजागरी बदलत होतो. दहा मिनिटांचं काम. उद्यावर टाकता आलं असतं." फळीवरचा भुसा झटकत म्हणाला, "कबरीपाशी तुम्ही अर्धा तास बोललात. ती शांतीत आहे म्हणालात. मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. मला कुणीतरी विचारायला हवं होतं, की तू कुठं होतास."

पाळकसाहेबांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. मग तो तसाच परत आला.

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी सुतारानं सरळच विचारलं, "ईस्टरला तुम्ही सांगता, तो मेलेल्यातून उठला. मग ही का नाही उठत?"

या प्रश्नावर पाळकसाहेबांनी आजवर किती उपदेश दिले असतील देव जाणे. त्या दुपारी ते भुशानं भरलेल्या जमिनीकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे वाहू लागले. बायको गेल्यापासून सुतार स्वतः रडला नव्हता. त्यानं खुंटीवरचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.

"भुसा गेला का डोळ्यात?"

पाळकसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग बरं," सुतार म्हणाला आणि त्यांच्याशेजारी खाली बसला. त्या दिवशी दुकानात पुढे काही काम झालं नाही.

तीन आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला थोडंथोडं बोलायची परवानगी दिली. आवाज आला तो घोगरा, आणि तो तसाच राहणार होता. गाणं तर कायमचं बंद. पाळकसाहेब तपासणीवरून थेट सुताराच्या दुकानात गेले.

"आता बोलता येतं?" सुतारानं विचारलं.

"येतं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही."

"ते मला त्याच दिवशी कळलं," सुतार म्हणाला. मग त्यानं विचारलं, "रविवारची वेळ तीच आहे ना?"

तो आला तेव्हा उपासना सुरू झाली होती. पुरुषांकडच्या आपल्या जागेवर न जाता तो सरळ आमच्या बाकापाशी आला, जिथे त्याची बायको माझ्या शेजारी बसायची. मी सरकले. उपदेश बारा मिनिटांचा झाला. सगळे गीतासाठी उभे राहिले, तसा तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, पान कितवं? नेहमी तीच काढून द्यायची."

मी पान काढलं आणि पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये धरलं.