खालच्याले उपाशी काहून?

कुहीवरून एसटीनं येणाऱ्या आमच्या गणिताच्या सरांना अपूर्णांकातल्या छेदाची फार दया येई. कोणी दोन छेद तीनचा वर्ग चार छेद तीन लिहिला, की खडू कानामागे खोचून ते विचारत, "वरच्याले वाढलं, खालच्याले उपाशी काहून ठेवलं गा?" पोरगा घाईघाईनं तीनचे नऊ करी.

माझ्या ताईच्या लग्नात एक पंगत ओट्यावर होती, दुसरी खाली अंगणात. सर अंगणात बसले होते. वाढायला आमच्याच वर्गातला दोस्त होता. त्यानं ओट्यावर बुंदी दोनदा फिरवली आणि तसाच आत निघाला.

अंगणातून आवाज आला, "खालच्याले उपाशी काहून गा?"

दोस्त हसत धावला आणि अंगणातही त्यानं बुंदी दोनदा फिरवली. सरांनी बुंदीनं माखल्या बोटानं हवेतच बरोबरची मोठी खूण केली.