डिझेल इंजिनाची पहिली फेरी

परवा स्वारगेटच्या सिग्नलला एका जुनाट टेंपोने डिझेलचा काळा धूर सोडला. गाडी चालवणाऱ्या लेकीने चटकन काच वर घेतली, पण तोवर वास आत आला होता. तो वास माझ्या जुन्या ओळखीचा होता.

तिच्या लहानपणी आमच्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढून मी स्वतःच भंगारातलं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याआधी मी साधा प्लगही बदललेला नव्हता. नवं इंजिन जड, त्यामुळे गाडी पुढून दबलेली. ब्रेक मात्र जुनेच. बायकोने चाकांखाली लिंबं ठेवली.

"मी एकटाच खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो," मी म्हणालो.

"अहो, ढकलायला कुणीतरी लागेलच ना," म्हणत ती शेजारी येऊन बसली.

इंजिन सुरू झालं आणि अख्खी गाडी हीव भरल्यासारखी थरथरू लागली. उतारावर ब्रेक दाबला तरी ती पुढेच सरकत होती. माझे तळहात घामाने स्टिअरिंगवरून निसटत होते. बायको मात्र हँडब्रेकवर हात ठेवून समोर बघत होती. केवढा हिचा विश्वास, असं मला वाटलं.

सुखरूप परतलो. शेजारणीकडे ठेवलेल्या लेकीला बायकोने कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आता उद्या तिघं जाऊ."

तेव्हा मी नुसताच खूश झालो. परवा त्या सिग्नलला कळलं, आपण परत येऊ याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिने लेकीला मागे ठेवलं. आणि स्वतः मात्र माझ्या शेजारी बसली.