चार पुरावे, एकच तोंड

दिपाली रेवदंड्याच्या वाचनालयात सोळा वर्षं काम करते. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण पुस्तकं सुटली नाहीत. गावातलं कुणी काही विचारायला आलं की ती शोधून देते आणि शोधून दिलेलं लोक खरं मानतात. सात वर्षांपूर्वी तिने फेसबुकवर एक मजकूर टाकला होता. अडुसष्ट साली कोर्लईच्या टोकाबाहेर वादळात एक होडी बुडाली, पाच खलाशी गेले आणि होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, रावजी एकटा वाचला, तो का वाचला याबद्दल. ‘असं म्हणतात की रावजीने फळी धरली आणि बाकीच्यांना हात दिला नाही.’ बायजा आत्याकडून लहानपणी ऐकलेली गोष्ट होती. दीडशे लोकांना आवडली. दिपाली विसरून गेली.

यंदा पावसाळा संपता संपता कृष्णाबाई वाचनालयात आल्या. त्या रावजीच्या कन्या, वय पासष्टच्या पुढे. बसल्या नाहीत. हातातली घडी घातलेली छापील पानं त्यांनी टेबलावर ठेवली.

“जेट्टीवर बुडालेल्यांच्या आठवनीचा दगड बसवनार हायेत. त्यावर माझ्या बाचं हे लिवनार. तू हे कुठं वाचलंस?”

दिपालीने पानं उलगडली. गावाच्या स्मरणिकेतला लेख होता. रावजीने साथीदारांना वाऱ्यावर सोडलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

“मी नाही लिहिलं हे.”

“होडीचं नाव जलकन्या लिवलंय. आमची जयकन्या होती. जलकन्या तूच लिवली होतीस. माझ्या सुनेनं दाखवलंय मला.”

त्या गेल्या. दिपाली खुर्ची ओढून बसली, पुन्हा उठली, तिने खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग जुनी पोस्ट शोधली. जलकन्याच लिहिलं होतं. आत्याला होडीचं नाव आठवत नव्हतं, म्हणून तिनेच अंदाजाने घातलेलं.

त्या आठवड्यात तिने हे लिखाण जिथे जिथे आहे तिथे तिथे पाहिलं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख होता, कॉलेजच्या एका मुलीचा प्रकल्प होता, इंटरनेटवर एक पान होतं आणि ही स्मरणिका. चारही ठिकाणी जलकन्या. पुरवणीत ‘असं म्हणतात’ होतं, प्रकल्पात ‘स्थानिक सांगतात’ झालं होतं, पुढे तेही गळलं होतं. स्मरणिकेने तळटीपेत बाकी तिघांचा हवाला दिला होता. चार पुरावे, आणि सगळ्यांच्या तळाशी दिपालीचा मोबाइल.

घरी भात करपला. नवरा म्हणाला, “अगं, जुनी गोष्ट आहे. कुणाचं काय जातंय?”

“कृष्णाबाईंचं जातंय,” ती म्हणाली, आणि ताट न वाढताच उठली.

ती आधी बायजा आत्याकडे गेली. आत्या सुकवलेले बोंबील गोणीत भरत होती.

“आत्या, रावजीचं तुला कुणी सांगितलं?”

“बाजारात सगळ्याच बोलायच्या.”

“पहिली कोण बोलली?”

आत्याने हात थांबवला. “गंगू. तिचा नवरा गेला ना त्या होडीत. रावजी मातर आला. ती बाई काय बोलनार?”

“ती होती का समुद्रावर?”

“न्हाय गं. तेवा ती बाळंतीन होती.”

म्हणजे सांगणारीने पाहिलं नव्हतं, आणि तिचं दुःख ताजं होतं. दिपालीला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली. आता तिला रावजी निर्दोष हवा होता.

पोलीस ठाण्याकडे माहिती मागितली, उत्तर आलं की त्या काळातली कागदपत्रं नष्ट केली आहेत. अलिबागला जाऊन तिने जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली चाळल्या. धुळीने नाक गळायला लागलं. तिसऱ्या खेपेला पाच ओळींची बातमी सापडली: जयकन्या बुडाली, पाच बेपत्ता, तांडेल बेशुद्धावस्थेत मिळाला. दिपालीने ती ओळ तीनदा वाचली. मग तारीख पाहिली. बातमी तीन दिवसांनंतरची होती, आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच नाव.

शेवटी दादू सापडले. त्र्याऐंशीचे, रावजीला पाण्यातून उचलणाऱ्या दुसऱ्या होडीतले एकमेव जिवंत खलाशी.

“रावजीच्या मनगटाला दोरी होती,” ते म्हणाले. “फळीला त्यानं स्वतःला बांधलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला मानूस होतं. दोरी तुटली.”

दिपालीची लेखणी धावत होती. मग ती थांबली.

“काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?”

“दोरी म्या पाह्यली. तुटलेली हाय हे बी पाह्यलं. मानसाचं रावजीनंच सांगितलं. शुद्धीवर आल्यावर.”

“रावजी तुमचे कोण?”

“साडू.”

तिने तेही लिहिलं.

ग्रामसभेत दगडाचा विषय निघाला तेव्हा ती उभी राहिली. सरपंच भावेश वैतागले. “ताई, चार ठिकाणी छापलंय. आता काय?”

“चार ठिकाणी नाही. एका ठिकाणी. ते मी लिहिलं, आणि ते खरं आहे का हे मला माहीत नव्हतं.” “बातमीत तो बेशुद्ध मिळाला, एवढं आहे. त्याने कुणाला सोडलं की धरलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकही माणूस मला मिळालं नाही. मिळालं नाही तर दगडावर कोरू नये.”

कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. पण ती ओळ वगळायची, असं ठरलं.

बाहेर कृष्णाबाईंनी तिचा हात पकडला. “म्हंजे बानं सोडलं न्हाय, असं लिव की आता.”

“नाही लिहू शकत, मावशी.”

“का? तूच तर वाईट लिवलं होतंस. तेव्हा लिवता आलं.”

कृष्णाबाईंनी हात सोडला आणि महिनाभर त्या वाचनालयाच्या रस्त्याने गेल्या नाहीत. दिपालीने स्वतःची जुनी पोस्ट काढून टाकली नाही. खाली लिहिलं: ‘हे मी ऐकीव लिहिलं होतं. होडीचं नाव माझा अंदाज होता, तो चुकला.’ पुरवणीला पत्र पाठवलं, ते छापलं गेलं नाही. प्रकल्प करणारी मृणाल मात्र स्वतः फोनवर बोलली आणि रडली.

एका सकाळी कृष्णाबाई दारात उभ्या राहिल्या.

“मुरुडला एक बाई हाय म्हनं, सोनाबाई. तवा बारा वर्सांची होती, किनाऱ्यावर. चल.”

“‘म्हनं’ कुणी सांगितलं?”

“माझ्या भाच्यानं. म्हनूनच तर जायाचं. बघायला.”

दोघी एसटीने गेल्या. सोनाबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सरळ सांगितलं की त्या दिवशी त्यांना वडिलांनी घरात कोंडलं होतं. फक्त वाऱ्याचा आवाज आठवतो. समुद्रावरचं काहीच दिसलं नाही.

कृष्णाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दिपालीकडे वळून त्या म्हणाल्या, “लिव. दिसलं न्हाय, असं लिव.”

दिपालीने वही उघडली.