केसाएवढी भेग

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकोणीस वर्षं ती टायटॅनियमच्या डब्या तपासत आली होती. तांदळाच्या दाण्याएवढी डबी, आत रक्ताचा दाब मोजणारा सेन्सर. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत बसवायचा. शरीर टायटॅनियमला परकं मानत नाही, म्हणून तोच धातू. पण वेल्डिंगमध्ये केसाएवढी भेग राहिली तरी आत ओल शिरते आणि सेन्सर खोटं बोलू लागतो. घारीच्या नजरेतून भेग सुटत नाही, अशी ख्याती होती.

धाकट्या भावाचं हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला तिच्याच कारखान्यातला सेन्सर बसवला.

"ताई, तू तर थेट छातीतच येऊन बसलीस," तो म्हणाला. "आता चोरून सिगारेट कशी ओढू?"

दोघं पोट धरधरून हसली.

सहा महिन्यांनी त्याचे पाय सुजले. आडवं झालं की दम लागे. भावजयीने फोन केला, "वन्सं, दवाखान्यात नेऊ का?"

घारीने सेन्सरचे आकडे विचारले. दाब अगदी हवा तेवढाच. "सेन्सर ठीक सांगतोय. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

आठवड्याने चहाचा कप हातात असतानाच तो गेला.

शवविच्छेदनात काढलेला सेन्सर तपासणीसाठी कारखान्यात आला. साहेब म्हणाले, "तुम्ही राहू द्या. दुसऱ्या कुणाला देतो."

"मीच बघते."

भेग पहिल्या नजरेतच दिसली. नोंदीत तपासणीचा शिक्का तिचाच होता.

"तडा नंतरही जाऊ शकतो," साहेब हळूच म्हणाले. "तसं लिहा. कशाला हातानं पायावर धोंडा पाडून घेता?"

"आणि त्याच खेपेचे बाकीचे? ते राहू द्यायचे लोकांच्या छातीत?"

तिने लिहिलं : भेग वेल्डिंगच्या वेळचीच. माझ्या नजरेतून सुटली.

एकतीस रुग्णांना बोलावणी गेली. चौघांचे आकडे खोटे निघाले. तिघांची औषधं बदलली. चौथी एक बाई होती, तिच्यासाठी मात्र फार उशीर झाला होता.

घारीने भावजयीला सगळं सांगितलं. ती ओला टॉवेल पिळत उभी होती, तशीच थांबली.

"चूक मी पोटात घातली असती, वन्सं. पण मी विचारलं होतं तुम्हाला. एकदा येऊन त्याचे पाय तरी बघायचे होते."

महिन्याभरात घारीने नोकरी सोडली. भावजयीने तिला पुन्हा घरी बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.