समोरून येणारं विमान

ह्यांनी चार वर्षं जेवणाच्या टेबलावर हलकं लाकूड घासून बांधलेलं, माझ्याहून लांब पंखांचं लढाऊ विमानाचं मॉडेल आज ह्यांच्या माघारी पहिल्यांदा उडालं. रिमोट ह्यांच्या मित्राच्या, जोशींच्या हातात होता.

"वहिनी, विमान आपल्याकडे येताना रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं. तिथेच भलेभले फसतात."

"मग उतरवून टाका ना!"

"अहो, उतरायलाही ते आपल्याकडेच येणार."

विमान वळलं. ह्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि ते क्षणाक्षणाला मोठं होत होतं. गेलेल्या माणसाची आठवणही दूर असते तोवर आवरता येते. समोरून येऊ लागली, की आपलेच हात चुकतात.

चाकं गवताला लागली. जोशींनी सुस्कारा सोडला. विमान धावत येऊन माझ्यापुढे थांबलं, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले होते.