प्रेमिलाचे तीनशे बारा दाखले

"काय खाल्लं ते पहिले सांगा, दुखणं मंग." प्रेमिला हे वाक्य दारात चपला काढता काढताच बोलायची. समोरचा कण्हत असो की हसत असो, तिचं तेच.

आमगावकडच्या धानशेतीत वाढलेली ही मुलगी शिकत शिकत नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पोचली आणि वीस वर्षं माणसाच्या आतड्यांतले जिवाणू बघत राहिली. गावात तिला गोळी न देणारी डाक्टरीन म्हणत.

तिचं नाव झालं ते एका लेखामुळे. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या साठ घरांत फिरून तिने विचारलं होतं, सकाळी बासी खाता की ताजा भात. बासी म्हणजे आदल्या दिवशीचा भात, रात्रभर पाण्यात आंबवलेला, सकाळी मीठ-कांद्याशी खायचा. उत्तरांप्रमाणे दोन याद्या झाल्या, शौचाचे नमुने तपासले गेले, आणि तिने लिहिलं की दोन्हींकडच्या आतड्यांत काही फरक नाही.

लेख परदेशात छापून आला. मग कोणी दुसरा शास्त्रज्ञ आपल्या लेखात त्याचा दाखला देई, आणि संगणकाच्या पडद्यावरचा आकडा एकाने वाढे. चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीत बगळे उतरावेत तसे ते दाखले उतरत. एक हनोईहून, एक लिमाहून. प्रेमिला चहा निववत बसे आणि तिला वाटे, तिकडे कुठेतरी समुद्राकाठच्या खोलीत एक बाई आपल्या धानाबद्दल वाचते आहे. आकडा तीनशे बारावर गेला. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती या आकड्यावरच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात ती सहज म्हणून पहाटेच्या गाडीने आमगावला उतरली आणि त्या शेजारच्या गावातल्या निर्मलाबाईंकडे गेली. अकरा वर्षांपूर्वी पहिलं घर यांचंच विचारलं होतं. धुकं अजून कौलांवर होतं. निर्मलाबाई चुलीपाशी वाटी घेऊन बसल्या होत्या. प्रेमिलाला पाहताच त्यांनी वाटीवर पदर ओढला.

"बासी खाऊन राहिल्या का मावशी? कधीपासून?"

"लगन झालं तवापासून."

प्रेमिला उंबऱ्यातच थांबली. निर्मलाबाईंचं नाव ताज्या भाताच्या यादीत होतं.

"मंग मले ताजा भात काऊन सांगतला?"

"तू पेन घेऊन आली होती वो पोरी. पाहुण्यासमोर बासी कोन सांगते? साऱ्या गल्लीनं तसंच सांगतलं." मग बाई हसल्या. "तुही माय सांगत होती का?"

नव्हती सांगत. प्रेमिलाला सगळं लख्ख दिसलं: अंगणात कोणी आलं की आई बासीचं भांडं कोठीमागे सरकवायची, आणि ते धरायला लहानपणी तिचेच हात असायचे. दुसऱ्या कुणाची चूक असती तर माफ झाली असती. तिने मात्र ते भांडं स्वतः लपवलं होतं, आणि तरी वहीत जे सांगितलं तेच लिहिलं होतं.

त्या दिवशी ती गल्लीतल्या घरोघर गेली. ताज्या यादीतली निम्मीअधिक घरं बासीची निघाली.

नागपुरात तिचा विद्यार्थी हिमांशू म्हणाला, मॅडम, वाटीत काय होतं हे तिकडे कुणाला कळणार आहे. प्रेमिलाने तीन आठवडे काहीच केलं नाही. ती खिडकीशी बसे आणि तो आकडा बघे. तिकडच्या बायका आपल्या शब्दावर विसंबून लिहिताहेत, बासीने काही होत नाही म्हणून, असं तिच्या मनात येई आणि हातातला चहा गार होई. चौथ्या सोमवारी तिने नियतकालिकाला पत्र लिहिलं, चूक जशीच्या तशी मांडली आणि लेख मागे घेतला. खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्यानंतरही दोन दाखले आले, बातमी न पोचलेल्या लोकांचे. तिने दोघांनाही स्वतः कळवलं.

माघात ती पुन्हा गावात आली, तीच पाहणी नव्याने करायला. या वेळी तिने वही पिशवीतच ठेवली. सूर्य उगवायच्या आत निर्मलाबाईंच्या चुलीपाशी बसून म्हणाली, "मावशी, मलेही बासी द्या." बाई आधी लाजल्या, मग दोन वाट्या भरल्या. बातमी गल्लीत तिच्या आधी पोचली. पुढच्या घरांतल्या वाट्या आपोआप पदराखालून बाहेर आल्या. प्रत्येक घरी चार घास खाता खाता तिचं पोट तट्ट फुगलं. पाचव्या घरी सुलोचनाबाई म्हणाल्या, डाक्टरीन, आता तुलेच गोळी लागते. सगळ्या हसल्या, आणि हसता हसता कधी खातो, किती दिवस खातो, ते सांगत गेल्या.

नमुन्यांचा बर्फाचा डबा खांद्याला अडकवून ती पुढच्या गावाकडे निघाली. कापलेल्या धानाच्या खुंटांवर ऊन सांडलं होतं. बांध अरुंद, डबा जड. ती जराशी कललेली, पण चाल ठाम. निर्मलाबाई दारात उभ्या होत्या, उष्टी वाटी हातातच. बांध जिथे तळ्याआड वळतो तिथपर्यंत त्या बघत राहिल्या.